दोन बाक

आमच्या घरातले माग बंद पडले की शेजारची माणसं दाराशी येऊन विचारायची, कोण गेलं म्हणून. लाईट गेली तर सगळ्या गल्लीचेच माग थांबायचे, त्याची चौकशी कुणी करत नसे. पण गल्ली चालू आणि आमचंच घर गप्प म्हणजे काहीतरी विपरीत घडलं असणार. पुढच्या खोलीत आम्ही राहायचो. मागच्या पत्र्याच्या शेडात दोन माग होते आणि त्यांच्या मधल्या अरुंद बोळात नायना, म्हणजे आमचे वडील, सकाळपासून फिरत असायचे. या मागाची आडव्या सुताची कांडी संपली, बदल, वळ. त्या मागाचं सूत तुटलं, जोड, पुन्हा वळ. अम्मा पुढच्या उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. तंबाखूचा वास, चारूच्या, म्हणजे आमच्या आंबट साराच्या, फोडणीचा वास आणि मागांचा खडखडाट हे तिन्ही असलं म्हणजे घर ठीक चाललंय असं आम्ही समजायचो. घरात तेलुगू बोलायचो, दाराबाहेर मराठी, आणि दोन्हीकडे ओरडूनच, कारण हळू बोललेलं कुणाला ऐकूच जात नसे. आजही मी फोनवर बोलायला लागले की सुनेला वाटतं, सासूबाई कुणाशी तरी भांडतायत. बऱ्याचदा ते खरंही असतं.

मी थोरली. मॅट्रिकला पहिल्या झटक्यात पास झाले आणि ज्या शाळेत शिकले त्याच मुलींच्या शाळेच्या ऑफिसात कारकून म्हणून लागले. अक्षर वळणदार, फायली जागच्या जागी, पेन्सिलीला टोक. मला स्वतःचा फार अभिमान होता हे इथं सांगून टाकते. आणि माझ्यापेक्षा पाच वर्षांनी धाकटी, त्याच शाळेत शिकणारी सरोजा म्हणजे नुसती भिंगरी. तिनं एका जागी बसून पुरं जेवण केलेलं मी पाहिलं नाही. एका हातात कडक भाकरी, तिच्यावर शेंगाचटणी, आणि बाई घरभर फिरतायत. रॉकेल आणायला पाठवावं तर तासाभरानं डबा रिकामाच घेऊन यायची, कारण वाटेत कुणाची तरी शेळी सुटली होती आणि ही तिच्यामागं धावली होती. मग डबा कशाला नेला होता तेच विसरायची. मनानं वाईट नव्हती. मारलं तर रडायची, आणि रडता रडताच तिचं लक्ष दुसरीकडं जायचं, मग मला आणखी राग यायचा. एकदा तर मी तिची वेणी खिडकीच्या गजाला रिबिनीनं बांधून पुढ्यात इतिहासाचं पुस्तक ठेवलं होतं. अम्मानं सोडवलं आणि मला दोन धपाटे दिले. ते मला कमीच पडले.

तेव्हा अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीचा नवा अभ्यासक्रम नुकताच आला होता. सरोजाला नर्स व्हायचं होतं. हे तिच्या डोक्यात कुठून शिरलं कोण जाणे, पण शिरलं ते शिरलंच, आणि तिच्या डोक्यात टिकलेली ती एवढी एकच गोष्ट असल्यामुळे आम्ही सगळ्यांनी ती मनावर घेतली. नर्सिंगला दहावी पास पाहिजे. मार्चची परीक्षा महिन्यावर आली तेव्हा एका संध्याकाळी नायना जेवता जेवता म्हणाले, उद्यापासून माग बंद ठेवू या, पोरीला शांतता पाहिजे. अम्मानं विडीचं पान खाली ठेवलं आणि त्यांच्याकडं बघितलं. विणकराच्या घरात परीक्षेसाठी माग थांबवणं म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. घर चालतं त्याच्यावर. पण अम्मानं बरं म्हणून पान पुन्हा उचललं. एवढंच नाही, तर भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यानंही नायनांचं ऐकून त्याचा आमच्या भिंतीला लागून असलेला माग बंद ठेवला. चार जण खरोखरच विचारून गेले, कोण गेलं.

मग तो महिना सुरू झाला. घर इतकं गप्प, की घड्याळाचा आवाज भिंतीवर आपटायचा. सरोजा पुस्तक घेऊन बसायची आणि ओळीवर बोट ठेवून तशीच राहायची. पाल चुकचुकली, मान वर. बाहेर सायकलची घंटा, मान वर. अम्मा पाय न वाजवता चालायची, नायना रिकामे हात घेऊन ओट्यावर बसायचे, आणि आम्ही सगळे तिच्याकडं बघत असायचो. एवढी माणसं आपल्यासाठी गप्प बसलीत हे त्या पोरीला कळत होतं. ती वाळत चालली. मी मात्र मनात म्हणायचे, एवढं करूनही हिला किंमत नाही. आम्ही सगळ्यांनी जीव लावून, प्रेमानं, नेमकी चूक केली होती. पण ती चूक आहे हे कळायला पुढचे कितीतरी महिने जावे लागले.

मार्चमध्ये व्हायचं तेच झालं. पहिल्या दोन पेपरांना ती तास-दीड तासात अर्धवट लिहून बाहेर पडली. तिसऱ्याला ती सारखी वळते, मागं बघते, बाकावरून उठते म्हणून पर्यवेक्षकानं कॉपीच्या संशयावरून पेपर काढून घेतला. झडती घेतली, काही सापडलं नाही. सापडणार काय, कॉपी करायची म्हटली तरी दुसऱ्याच्या कागदाकडं सलग दोन मिनिटं बघावं लागतं. पण शेरा पडला तो पडला, आणि आमच्या शाळेच्या रजिस्टरात तो नोंदवायचं काम माझ्याच टेबलावर आलं. मी तो नोंदवला, वळणदार अक्षरात. घरी येऊन तिच्याशी महिनाभर बोलले नाही.

नापासाचा निकाल लागला आणि भिवंडीहून स्थळ आलं. आमच्या लोकांचं असंच, सोलापूरचे माग आणि भिवंडीचे माग सुतानंच जोडलेले. मुलगा वाईट नव्हता, पण सरोजा तेव्हा जेमतेम सोळाची. नायनांनी त्यांना सांगितलं, ऑक्टोबरला पोरगी पुन्हा बसतीय, तोवर थांबा. ते म्हणाले, थांबतो, पण ऑक्टोबरनंतर थांबणार नाही. म्हणजे हिशोब सरळ होता. ऑक्टोबरला पास झाली तर नर्सिंग, नाही झाली तर दिवाळीनंतर अक्षता. सरोजानं कधी नव्हे ते माझ्याजवळ येऊन विचारलं की अक्का, आता काय करू. मी म्हणाले, बस एका जागी. यापलीकडं मला अक्कल नव्हती.

ऑफिसात बसून मला एक गोष्ट मात्र माहीत होती. आदल्या वर्षी एका मुलीचा उजवा हात मोडला होता, तेव्हा तिला लेखनिक मिळाली होती. खालच्या वर्गातली मुलगी शेजारी बसून हिनं सांगितलेलं लिहून घेते. अर्ज मीच टाइप केला होता. मी मनात ठरवलं, सरोजाच्या हाताला पट्टी बांधायची, कुणातरी ओळखीच्या कंपाउंडरकडून चिठ्ठी आणायची. लबाडी होती, मला कळत होतं. पण बहिणीसाठी करतेय म्हणून मला ती लबाडी मोठी उदात्त वाटत होती. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती शेडात नायनांच्या जागी माग बघत होती. नायना चहाला गेले होते. तिनं मागं न बघता उत्तर दिलं.

"लिहायला येतंय की मला. दुसरीनं लिहिलं तर मी तितं काय करू, नुसती बसू?"

मला राग आला आणि मी तिला दोन शब्द सुनवणार, तेवढ्यात माझी नजर पडली. एका मागाच्या खांबाला तिनं भूगोलाचं पुस्तक दोरीनं अडकवलं होतं. समोरच्या मागाशेजारी कांड्यांची उपडी पेटी, तिच्यावर वही आणि शिसपेन्सिल. ती या बाजूला आली, कांडी बदलली, दोन ओळी वाचल्या, वळली, चार पावलं चालली, त्या बाजूला सूत बघितलं, आणि वाचलेलं वहीत लिहून टाकलं. पुन्हा वळली. सूत तुटल्याचं तिला डोळ्यांआधी कानाला कळत होतं. मी तिथंच सुताच्या पोत्यावर बसले. ती कांड्या बदलत होती, लिहीत होती, आणि अर्ध्या तासात तिनं सह्याद्रीचे घाट, नद्या आणि पिकं असं पान लिहून काढलं. चुका होत्या, पण पान भरलं होतं. दारात नायना चहाचा कप घेऊन उभे होते. तेही बघत होते. मी त्यांना विचारलं, हे कधीपासून चाललंय. ते म्हणाले, माग परत सुरू केल्यापासून रोज करती, मला वाटलं तुला माहीत असंल.

आता सरोजाच्या नातीच्या शाळेत या सगळ्याला चार इंग्रजी अक्षरांचं नाव आहे. समुपदेशक बाई आहेत, छापील फॉर्म आहे, जादा वेळ मिळतो, वेगळी खोली मिळते. परवा तो फॉर्म माझ्याकडूनच भरून घेतला, कारण घरात फॉर्म म्हटलं की अजून अक्काच. हे लक्षण घरात आणखी कुणाला होतं काय, असा एक रकाना होता. मी सरोजाचं नाव लिहिलं आणि थोडा वेळ पेन हातात धरून बसले. तेव्हा नाव नव्हतं. शेडातलं ते बघून मी तिला आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडं चिठ्ठीसाठी नेलं. त्यांनी तिचे डोळे, कान, गुडघे सगळं तपासलं आणि म्हणाले, हिला काही आजार नाही, आणि आजार नाही म्हणून मी खोटा आजार लिहून देणार नाही. पण भला माणूस. मी त्यांना शेडात आणून तिला चालताना, लिहिताना दाखवलं. त्यांनी तिथंच शर्टाच्या खिशातून कागद काढून लिहिलं की ही मुलगी हिंडतीफिरती राहिली तर तिचं चित्त थाऱ्यावर राहतं, एका जागी बसवली तर राहत नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे. एवढंच. खाली सही.

तो कागद घेऊन मी मोठ्या बाईंकडं जायला घाबरत होते. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांची चप्पल व्हरांड्यात वाजली की वर्गच्या वर्ग गार पडायचा. नायना म्हणाले, मी येतो. त्या दिवशी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, डोक्यावरच्या केसांतला सुताचा कापूस अम्मानं वेचून काढला, तरी कानामागं थोडा राहिलाच. बाईंनी खुर्ची दाखवली, ते बसले नाहीत. बाईंनी डॉक्टरांचा कागद दोनदा वाचला आणि सरळ सांगितलं की आंधळ्यांसाठी नियम आहे, हात मोडलेल्यांसाठी आहे, कांजिण्या आलेल्यांना वेगळ्या खोलीत बसवतात, पण याला काही नियम नाही. मी खाली मान घालून उभी. तेव्हा नायना बोलले.

"बाई, मी शिकल्याला न्हाई. मागाचं तेवढं कळतंय. नव्या माणसाला एकच माग दिला की त्यो उभ्या उभ्या पेंगतोय. दोन दिले की जागा ऱ्हातोय. माज्या पोरीला तुमी एकच बाक देता. दोन द्या की. एकावर पेपर ठेवंल, एकावर लिहील. मधी चालंल. कुणाला तरास न्हाई."

बाईंनी कागदाची घडी घातली. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "यमुना, नियमांचं पुस्तक आण." कांजिण्यांचा नियम त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावला. त्यात वेगळी खोली होती, वेगळा पर्यवेक्षक होता, आणि त्या खोलीत किती बाक ठेवावेत याबद्दल अवाक्षर नव्हतं. त्याच दुपारी बाईंनी सांगितलं आणि मी बोर्डाला पत्र टाइप केलं. डॉक्टरांचा कागद सोबत जोडला. तीन आठवडे मी पोस्टमन आला की टेबल सोडून फाटकाशी जायचे. उत्तर आलं ते दोन ओळींचं. स्वतंत्र खोलीस हरकत नाही, आतील व्यवस्था केंद्रसंचालकांनी आपल्या जबाबदारीवर ठरवावी. मोठ्या बाई म्हणाल्या, नाही म्हटलेलं नाही ना, मग झालं, आणि ते पत्र घेऊन केंद्र असलेल्या दुसऱ्या शाळेत स्वतः गेल्या. तिथले केंद्रसंचालक सर नाखूश होते. असली थेरं आम्ही पाहिली नाहीत म्हणाले. पण बाईंपुढं फार काही बोलले नाहीत आणि प्रयोगशाळेच्या शेजारची एक खोली दिली.

ऑक्टोबरात आमचे माग एक दिवसही बंद राहिले नाहीत. सरोजा सकाळी मागावर उजळणी करायची, अम्मा तिच्या तोंडात दहीभाताचा घास फिरता फिरताच घालायची, आणि नायना तिला चालत केंद्रावर पोचवायचे. मी रजा काढली होती. आम्ही दोघं फाटकाबाहेर कडुनिंबाखाली थांबायचो. त्या खोलीची एक खिडकी रस्त्याच्या बाजूला होती. गजांमागून तिची सावली या बाकाकडून त्या बाकाकडं जायची, परत यायची. नायना ती बघत उभे असायचे आणि सावली बराच वेळ दिसली नाही की अस्वस्थ व्हायचे. मराठीला ती पूर्ण वेळ आत राहिली. घंटा झाल्यावरच बाहेर आली. आयुष्यात पहिल्यांदा. पुढचे पेपरही तसेच गेले. राहता राहिलं गणित, आणि तिला खरी धास्ती गणिताचीच होती.

गणिताच्या दिवशी ती आत गेली आणि लगेच शिपाई बाहेर आला. आम्हाला तो ओळखायला लागला होता. म्हणाला, आज बाक एकच हाय, सरांनी दुसरा काढायला लावला. मी धावत ऑफिसात गेले. सर म्हणाले, एवढे पेपर नीट झाले ना, मग आता बरी आहे ती, आज बसू दे, वरून कोणी तपासायला आलं तर उत्तर मला द्यावं लागतं. मी पत्र दाखवलं, ते म्हणाले, व्यवस्था माझ्या जबाबदारीवर आहे असंच लिहिलंय त्यात. आणि ते खरंच होतं. तिथं माझी सगळी कारकुनी संपली. मला रडू फुटलं, रागानंच फुटलं, आणि मी वळले तर व्हरांड्यातून नायना येत होते. भिंतीशी लावलेल्या जुन्या बाकांतला एक त्यांनी एकट्यानं पाठीवर घेतला होता. सागवानी बाक, दोन माणसांनी उचलायचा. सर ओरडले, बाहेरच्या माणसानं आत यायचं नाही. नायना खोलीच्या उंबऱ्यापाशी थांबले, बाक खाली ठेवला, आणि दम लागलेल्या आवाजात म्हणाले, "मी आत येत न्हाई सर. हितनं पुढं तुमी ओढून घ्या." आणि मागं सरून, हात बांधून उभे राहिले.

आत पर्यवेक्षिका पेपर देत होत्या. सरोजा एकुलत्या एका बाकाशी उभी होती. तिचा चेहरा मार्चमधल्यासारखा झाला होता. माझ्या मागोमाग आलेले सर तिच्याकडं बघत राहिले, मग नायनांकडं. घंटा झाली. मग सरांनी वाकून बाकाचं एक टोक धरलं आणि फरशीवरून खरडत तो आत ओढला. भिंतीपासून किती अंतरावर, असं त्यांनी तिलाच विचारलं. तिनं चार पावलं मोजून दाखवली. आम्ही दोघं परत कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिलो.

ती पास झाली. गणितात काठावर, बाकी बरे. निकालाच्या दिवशी अम्मानं गल्लीत साखर वाटली आणि भिवंडीला निरोप गेला. नायनांनी फक्त एवढंच विचारलं, गणितात बी व्हय? व्हय म्हटल्यावर ते शेडात गेले, आणि थोड्या वेळानं अम्मा त्यांना बघायला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

नर्सिंगच्या अर्जाला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो लिहायचा माझ्याच हातानं. सरोजा ऑफिसच्या खिडकीबाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती. नाव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख लिहून झाली आणि मी वर्तणुकीच्या रकान्याशी अडकले. रजिस्टरात नववीच्या वर्गशिक्षकांचा शेरा होता, चंचल आणि बेशिस्त. त्याखाली मार्चच्या परीक्षेतला कॉपीचा संशय, माझ्याच वळणदार अक्षरात. दाखला रजिस्टरावरूनच लिहायचा असतो. तसा लिहिला असता तर तिला कुठंही घेतलं नसतं. मी रजिस्टर उचलून मोठ्या बाईंपुढं नेलं. त्यांनी ते पान वाचलं आणि बंद केलं. "शेरे देणाऱ्यांनी तिला दिवसातून एक तास पाहिलं," त्या म्हणाल्या. "तू सोळा वर्षं पाहिलीस. तू लिही, सही मी करते."

मी जागेवर येऊन बसले. दौतीत टाक बुडवला आणि लिहिलं, वर्तणूक उत्तम, कष्टाळू व प्रामाणिक. बाईंनी सही केली, मी शिक्का मारला, आणि खिडकीच्या गजांतून दाखला सरोजाच्या हातात दिला. ती चालता चालता वाचत होती. त्या रकान्याशी आली आणि परत खिडकीपाशी आली.

"हे तू लिवलंस?"

मी मान हलवली.

"अक्का," ती म्हणाली, "हे तू घरात कदी म्हणली न्हाईस."

 शाई अजून ओली होती, बोट लागू देऊ नको, एवढंच मी तिला सांगितलं.